मला गैरहजर मांडा

आमच्या कारखान्यात अकरा वर्षांत एकही बाई बाळंत झाली नाही. खोटं वाटत असेल तर मस्टर काढून बघा. अकराच्या अकरा मस्टरं माझ्या हातची आहेत, अक्षर चांगलं आहे, कुठं खाडाखोड नाही. पोरं मात्र होत राहिली. त्यातल्या कित्येकांच्या बारशाचे घुगऱ्या-पेढे मी स्वतः खाल्ले आहेत.

कारखाना बियाण्याचा. नव्या जालन्यात, रेल्वे लायनीच्या पलीकडं, पत्र्याची लांबलचक शेड. संकरित ज्वारी-बाजरीचं बी यायचं, बाया ते टेबलांवर पसरून निवडायच्या, मग त्याच त्याला गुलाबी औषध चोळून पिशव्या भरायच्या. मी तिथं हजेरी कारकून होतो. नाव बद्रीनाथ, गाव टेंभुर्णी, शिक्षण मॅट्रिक, तेही दुसऱ्या फेरीत. सत्त्याहत्तर साली मस्टरवर बाया एकोणतीस होत्या. तिसावी बाई लागली की कायद्यानं पाळणाघर काढावं लागतं, म्हणून मॅनेजर अण्णासाहेबांनी गाडी एकोणतिसावरच थांबवली होती. जास्तीच्या बाया लागल्या तर रोजंदारीवर, मस्टरच्या बाहेर.

अण्णासाहेबांचा दुसरा नियम असा की सलग आठ दिवस गैरहजर, की नाव कमी. आता बाळंतीण काही आठ दिवसांत उठून येत नाही. म्हणून बायांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. बाई दिवस भरेपर्यंत निवडायला बसायची. मग तिच्या जागी तिची सासू, नाहीतर जाऊ, नाहीतर शेजारीण यायची. मी नाव पुकारलं की तीच 'हजर' म्हणायची आणि मी मान वर न करता 'ह' मांडायचा. महिन्या-दीड महिन्यानं खरी बाई परत यायची. याला आम्ही बदली म्हणायचो. त्या बदलीचा मला अभिमान होता, हे आज सांगायला लाज वाटते. वाटायचं, बद्री, तू कारकून असशील, पण माणूस चांगला आहेस.

दुसरी एक सोय गोदामामागच्या लिंबाखाली होती. तिथं बायांची लेकरं असायची आणि रोज एका बाईची पाळी असायची. ती बाई लेकरं सांभाळायची, तिच्या वाटणीचं बी बाकीच्या निवडून टाकायच्या. पाळ्या लावायची झुंबरबाई. पन्नाशीची, तोंडानं फटकळ, सगळ्या बाया तिला वचकून असत. लेकरू बसायला लागलेलं पाहिजे आणि रडकं नको, एवढीच तिची अट. रडण्याचा आवाज ऑफिसात गेला तर अण्णासाहेबांचा शिपाई यायचा. झुंबरबाईचा नातू सत्यशीलाच्या पाळीला तिच्या मांडीवर खुशाल झोपायचा. पण सत्यशीलाच्या मडक्यातलं पाणी समोर आलं की झुंबरबाईला कधी तहान लागलेली नसायची. मीही त्या मडक्यातलं पाणी कधी प्यालो नाही, तेव्हा मी बोलू नये.

ही सत्यशीला, जिच्याबद्दल मला सांगायचं आहे.

तिचं माहेर टेंभुर्णीच्या पलीकडच्या खेड्यात. तिच्या बापानं छप्पन्न साली धम्म घेतला, घरातले देव काढले आणि त्या कोनाड्यात पाटी-पुस्तक ठेवलं. लेकीचं नावही नवं ठेवलं आणि सातवीपर्यंत शिकवलं. माहेरच्या वाटेवरचा म्हणून मी तिचा भाऊ झालो. सावळी, काटक, बी निवडताना बोटं अशी चालायची की बघत राहावं. आणि जीभही. पगाराच्या दिवशी सगळ्या बाया अंगठा उठवायच्या, ही सही करायची आणि सही करता करता मला म्हणायची, "बद्रीभाऊ, तुमची मान जन्मल्यापासूनच खाली हाय, का मस्टरनं केली?"

नवरा संपत रेल्वेच्या माल धक्क्यावर हमाल. आदल्या वर्षी पोत्याखाली त्याची कंबर धरली होती, तेव्हापासून टोळीत कधी त्याला काम मिळायचं, कधी नाही. घर चालायचं ते सत्यशीलाच्या मस्टरवर. सासू चांगुणाबाई मिळेल त्या कामाला जायची.

सत्यशीलाला पहिला मुलगा झाला तेव्हा तिला बदली मिळाली ती बारा दिवसांची. चांगुणाबाई तापानं पडलेली, शेजारणीला तेवढेच दिवस जमले. तेराव्या दिवशी सत्यशीला टेबलावर हजर. लेकरू घरी सासूजवळ, पाणी घातलेल्या दुधावर. दुपार झाली की तिची चोळी दुधानं भिजायची आणि ती पदर ओढून निवडत बसायची. दोन महिन्यांत हगवण लागून लेकरू गेलं. ती रडली असेल, मी बघितलं नाही. मला एवढंच म्हणाली, "दूध माझ्या अंगात व्हतं भाऊ, आन लेकरू घरी उपाशी." चांगुणाबाईनं त्यानंतर कुणाचं तान्हं हातात घेतलं नाही. आपल्या हाताला यश नाही म्हणायची.

दुसऱ्या वेळी दिवस गेले ते सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात. दिवाळीच्या पगाराची रांग लागली होती आणि सत्यशीला ऑफिसच्या दाराआड उभी होती. तिथं काचेच्या चौकटीत एक छापील कागद टांगलेला होता. सरकारचा हुकूमच तसा होता, बायांना वाचता येईल असा मराठीत लावायचा. अण्णासाहेबांनी तो लावला होता, फक्त दाराच्या मागं लावला होता. दार दिवसभर उघडं, त्यामुळं कागद दिवसभर झाकलेला. त्यावर रोज धूळ बसताना मी बघायचो. सत्यशीला तो वाचत होती.

"बद्रीभाऊ, ह्या कागदात बारा हप्ते लिव्हलेत. सहा आधी, सहा मागून. पगारी. हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठीच," मी हळूच म्हणालो.

"आन लेकरू सव्वा वर्साचं होस्तोवर दिवसातून दोनदा पाजायची सुट्टी, हे बी?"

"तेही."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तुमाला ठाव व्हतं?"

मला ठाऊक होतं. मी पगाराचा कागद पुढं केला आणि म्हणालो, "सही कर, मागं रांग आहे."

पण ती सोडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मला गाठलं आणि अर्ज लिहून मागितला. मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा नीट लिहिला. तिचा भाऊ औरंगाबादला शिकत होता. त्यानं पत्रातून सांगितलं की एक प्रत तिथल्या कामगार अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टानं धाड. तीही तिनं धाडली. अण्णासाहेबांनी अर्ज वाचला, छान हसले, म्हणाले, "बघू, बघू. तब्येतीला जप." आणि अर्ज खणात टाकला.

सहा हप्ते आधीचा दिवस म्हणजे चार जानेवारी. आदल्या संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, एक करा. उद्यापासून मला गैरहजर मांडा."

"आणि बदली?"

"बदली बिलकुल नको. बदली बसली म्हंजी मी हितंच हाय असं व्हतं. मी हितं न्हाई. मी माज्या लेकरापाशी हाय. तसंच लिव्हा."

"आठ दिवसांत नाव कमी होईल, सत्यशीला."

"होत न्हाई. रजा म्हंजी रजा. कागदात लिव्हलंय का न्हाई?"

"लिहिलंय."

"मंग? एवढं एकच काम सांगते तुमाला. मला गैरहजर मांडा."

मी हो म्हणालो. ती गेली आणि पाच मिनिटांत झुंबरबाई आणि चांगुणाबाई माझ्यापुढं उभ्या राहिल्या. दोघी बाहेर थांबल्याच होत्या.

"पोरीला वारं लागलंय," झुंबरबाई म्हणाली. "अर्जानं रजा भेटली तर भेटली. पर जागा रिकामी ठेवू नका. ही बसंल सुनेच्या जागी."

"ती नको म्हणते," मी म्हणालो.

"तिला कागद कळतो, मला पोट कळतं," चांगुणाबाई म्हणाली. "ल्योक कंबर धरून बसलाय. हिचं नाव कटलं तर आमी खावं काय? तिला काय बी सांगू नका. मी सांगते तिला, मला भाईरची रोजंदारी भेटली म्हणून."

मी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. मला ते लगेच पटलं. अर्ज मंजूर झाला तर उत्तम, नाही झाला तर जागा शाबूत. चार तारखेला सकाळी मी 'सत्यशीला संपत' असं पुकारलं, चांगुणाबाईनं 'हजर' म्हटलं आणि मी 'ह' मांडला. अकरा वर्षांच्या सवयीचा हात, जरासुद्धा अडखळला नाही. जानेवारीचा पगारही चांगुणाबाईनंच नेला आणि घरी रोजंदारीचे पैसे म्हणून सांगितलं.

नऊ फेब्रुवारीला पहाटे सत्यशीलाला मुलगी झाली. वस्तीतल्या सुईणीनं घरीच सोडवलं. पाचव्या दिवशी मी आणि माझी बायको द्वारकाबाई डिंकाचे लाडू घेऊन गेलो. घरात चूल पेटलेली आणि चुलीपुढं संपत बसलेला, बाळंतिणीसाठी बाजरीची खीर ढवळत. द्वारकाबाईनं मला कोपरानं ढोसलं. आमचं थोरलं पोर टेंभुर्णीला झालं तेव्हा मला चौथ्या दिवशी पत्र मिळालं होतं आणि मी ते खिशात घालून मस्टर लिहीत बसलो होतो. बापाला कुठली रजा. मागितली असती तर अण्णासाहेबांनी ती गोष्ट वर्षभर येईल त्या पाहुण्याला सांगितली असती.

सत्यशीला खाटेवर बसून पाजत होती. तोंडावर असं तेज होतं की मला बघवेना.

"किती दिस झाले भाऊ, मी न्हाई त्याला?"

"चाळीस-एक."

"मांडता ना गैरहजर?"

"हो."

"आन नाव? हाय का कटलं?"

"आहे की."

ती संपतकडं बघून हसली. "बघा! म्हनलं न्हवतं का? कागद खरा ऱ्हातो, मान्सालाच भ्या वाटतं." मग मुलीच्या कानाशी वाकून म्हणाली, "आपुन कुठं जानार न्हाई बरं का बाई. आपल्याला रजा हाय." मी लाडवाचा डबा खाली ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. माझी कुठलीच गाडी नव्हती.

एक मार्चला औरंगाबादहून कामगार अधिकारी आला. रजिस्टर पोस्टाला इतके दिवस लागले, पण माणूस आला, हेच आम्हाला नवल. सत्यशीलाला निरोप गेला. वीस दिवसांचं लेकरू लुगड्यात गुंडाळून ती उन्हातून चालत आली. ऑफिसात अधिकारी, अण्णासाहेब, मी आणि ती. खिडकीतून निवडणीची शेड दिसत होती. तिथं चांगुणाबाई सुनेच्या जागेवर खाली मान घालून निवडत होती. सत्यशीलाची तिकडं पाठ होती.

अधिकारी वाईट नव्हता. धुळीनं भरलेला, थकलेला, परतीच्या एसटीची वेळ विचारून आलेला माणूस. त्यानं तिला बसायला सांगितलं. आमच्या ऑफिसात बाईला कुणी बस म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"अर्ज आला होता तुमच्याकडं?" त्यानं अण्णासाहेबांना विचारलं.

"आला होता की. पण बाई रजेवर गेलीच नाही. मस्टर बघा ना साहेब."

अधिकाऱ्यानं मस्टर उघडलं. जानेवारीच्या ओळीवरून बोट फिरवलं, फेब्रुवारीच्या ओळीवरून फिरवलं, पुन्हा मागं नेलं.

"बाई, तू बाळंत कधी झालीस?"

"नऊ तारखेला साहेब. पहाटं."

"नऊ तारखेला तू हजर आहेस. दहालाही हजर आहेस." त्यानं मस्टर तिच्याकडं फिरवलं.

तिला वाचता येत होतं. तिनं आपलं नाव शोधलं, त्यापुढची घरं एकेक बघितली. ह, ह, ह, ह. आठवड्याच्या सुट्टीची घरं सोडली तर एकही घर मोकळं नव्हतं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रस्ता चुकलेलं माणूस ओळखीच्या माणसाकडं बघतं तसं.

"बद्रीभाऊ, सांगा की साहेबाला."

अण्णासाहेब खुर्चीत मागं रेलले. "हो, सांगा बद्रीनाथ. मस्टर तुमच्याच हातचं आहे. खोटं असेल तर खोटं म्हणा. मग कुणाकुणाचं खोटं आहे, तेही साहेबांना एकदा बघू द्या."

तेव्हा मला उमगलं की या माणसाला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. अकरा वर्षांच्या सगळ्या बदल्या, लिंबाखालच्या पाळ्या. त्याला त्यात तोटा काहीच नव्हता. कुणाला रजा द्यावी लागली नाही, कुणाचा बाळंतपणाचा पगार द्यावा लागला नाही. आमची माणुसकी त्याला फुकटात पडत होती, आणि मी तिचा मुकादम होतो.

मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? माझी नोकरी गेली असती हे पहिलं. चांगुणाबाई, झुंबरबाई, ज्यांनी ज्यांनी बदली दिली आणि घेतली त्या सगळ्या उघड्या पडल्या असत्या हे दुसरं. मी लोकांना पुढं कायम दुसरं कारण आधी सांगत आलो. खरं कारण पहिलं होतं.

"मस्टर बराबर आहे, साहेब," मी म्हणालो.

लेकरू तेवढ्यात रडायला लागलं. सत्यशीलानं तिथंच, तीन पुरुषांसमोर, पदर ओढून त्याला छातीशी घेतलं. ती म्हणाली, "साहेब, हे बघा की. हे लेकरू कुठून आलं मंग?"

अधिकाऱ्यानं मान दुसरीकडं केली. "मला दिसतंय बाई. पण मला कागद बघावा लागतो." त्यानं जन्माच्या नोंदीचं विचारलं. घरचं बाळंतपण, नोंद कुणी केलीच नव्हती. त्यानं घड्याळ बघितलं, तक्रारीत तथ्य आढळत नाही असं लिहिलं आणि स्टँडकडं गेला.

तो गेल्यावर अण्णासाहेब अंगणात येऊन सगळ्या बायांना ऐकू जाईल असं बोलले. "मस्टरप्रमाणे ही बाई आजपर्यंत कामावर आहे. उद्या आली नाही तर खोट्या तक्रारीबद्दल नाव कमी. आणि पाजायची सुट्टीबिट्टी मागू नये. मस्टरप्रमाणे ती बाळंतच झालेली नाही."

सत्यशीलाला तेव्हा शेडमध्ये बसलेली चांगुणाबाई दिसली. सासू-सुना एकमेकींकडं बघत राहिल्या.

घरी काय बोलणं झालं ते मला संपतनं नंतर सांगितलं. नोकरी सोडावी तर खायचे वांधे. लेकरू चांगुणाबाईकडं द्यावं तर ती हात लावायला तयार नाही, आणि सत्यशीलाही द्यायला तयार नाही. तेव्हा संपत म्हणाला, "मी सांभाळतो. माजी कंबर पोत्याला चालत न्हाई, लेकराला चालंल." चांगुणाबाई खरोखरच्या रोजंदारीला बाहेर गेली. दोन मार्चला सत्यशीला टेबलावर हजर होती.

पुढच्याच आठवड्यात अण्णासाहेबांनी एक फोटोवाला बोलावला. एकोणतीस बायांचे फोटो निघाले, एकोणतीस पास झाले. पासावर जे तोंड, तेच आत. बदली संपली. लिंबाखाली लेकरं आणायचीही बंदी आली. त्या महिन्यात दोन बाया अवघडलेल्या होत्या, त्यांनी आपणहून काम सोडलं. बायांनी अण्णासाहेबांना शिव्या दिल्या नाहीत, सत्यशीलाला दिल्या. "हिला लय कायदा पायजे व्हता. जे व्हतं तेबी घालवून बसली." झुंबरबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं. ज्या तिघांनी हे घडवलं त्यातली एक ती आणि एक मी. आम्ही दोघंही आपापल्या जागेवर नीट बसून होतो.

संपत मात्र रोज अकरा वाजता आणि तीन वाजता फाटकाशी यायचा. खांद्यावरच्या पंच्यात लेकरू, डोक्यावर दुसरा पंचा ओला करून. आम्ही सगळे चार-चार पोरांचे बाप, पण लेकरू सांभाळणारा बाप मी पहिल्यांदा बघितला. त्याला आंघोळ घालता यायची, पायावर घेऊन जोजवता यायचं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजता यायचं. टोळीतले हमाल त्याला 'दाई' म्हणायचे. "संप्या, चोळी शिव आता," असं एकजण भर रस्त्यात ओरडला. तो हसला आणि लेकराच्या तोंडावरची माशी उडवत राहिला.

मी जमेल तेवढी भरपाई करायला बघत होतो. अकरा आणि तीन वाजता मी सत्यशीलाला संडासाच्या नावाखाली सोडायचो. पाच मिनिटं मिळायची. त्यातली अर्धी हात धुण्यात जायची, कारण बोटांना बियाण्याचं गुलाबी औषध लागलेलं असायचं. ती राखेनं कोपरापर्यंत हात घासायची, मग फाटकाच्या गजांमधून लेकरू आत घ्यायची, भिंतीकडं तोंड करून पाजायची. लेकरू नुकतं कुठं ओढायला लागायचं आणि वेळ संपायची. ते परत देताना रडायचं, तो आवाज मला टेबलापर्यंत यायचा.

एप्रिलात अण्णासाहेबांना कळलं. कुणी सांगितलं माहीत नाही. फाटक कामाच्या वेळी उघडू नये, गजांतून काही देऊ-घेऊ नये असा हुकूम निघाला. उरली ती एक वाजताची जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी. तेवढ्यावर दूध टिकत नाही. बाईचं दूध लेकरानं ओढलं तर येतं, नाही तर आटतं. ऊन चढलं, विहिरीचं पाणी गढूळ झालं, बोळ्यानं पाजायचं दूध दुपारपर्यंत नासायला लागलं. मेच्या पहिल्या आठवड्यात लेकराला हगवण लागली. संपत त्याला घेऊन रोज सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहायचा आणि तिथून अकरा वाजता फाटकाशी यायचा. फाटक उघडणार नाही हे ठाऊक असूनही यायचा. आतून सत्यशीलाला लेकरू लांबून तरी दिसायचं.

सोळा मेला संपत अकरा वाजता आला. हात मोकळे होते. दोन्ही पंचे खांद्यावर होते. फाटकावरच्या माणसानं त्याच्याकडं बघितलं आणि कुणाला न विचारता फाटक सताड उघडलं. इतके दिवस बंद असलेलं फाटक. संपत आत आला, टेबलापर्यंत चालत गेला, आणि सत्यशीलानं त्याचे हात बघितले. ती ओरडली नाही. ती उठली, हौदापाशी गेली आणि राख घेऊन हात धुवायला लागली. कोपरापर्यंत, रोजच्यासारखे. झुंबरबाई उठून तिच्याजवळ गेली आणि तिला धरलं. पाणी पाजायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून सत्यशीलाचंच मडकं उचललं आणि ते पाणी आधी तिच्या तोंडाला लावलं, मग स्वतःच्या. आता त्याला काय अर्थ होता?

सतरा तारखेला सकाळी मी मस्टर उघडलं. 'सत्यशीला संपत' असं पुकारलं. कुणीच 'हजर' म्हटलं नाही. पासावरचं तोंड आलं नव्हतं आणि आता दुसऱ्या तोंडाला येता येत नव्हतं. मी 'गै' मांडलं. चार जानेवारीपासून तिनं माझ्याकडं मागितलेलं एवढंच अक्षर मला मांडायचं होतं. मी ते चार महिने उशिरा मांडलं.

अठराला ती आली. हजेरीच्या आधीच माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"काल काय मांडलं?"

तिनं भाऊ म्हटलं नाही. त्यानंतर कधीच म्हटलं नाही. मी मस्टर तिच्याकडं फिरवलं. तिनं आपलं नाव शोधलं, ओळीवरून बोट नेलं आणि त्या घरावर ठेवलं.

"बराबर हाय," ती म्हणाली आणि जाऊन आपल्या जागेवर बी निवडायला बसली.